पांढऱ्यावर गुलाबी झाक: सातपूरच्या एका छापखान्यातलं प्रकरण

पार्श्वभूमी

नाशकात कुणाला ‘प्रेसमध्ये आहे’ म्हटलं की समोरचा लगेच नाशिकरोडला पोचतो. तिथे १९२५ पासून सरकारी इंडिया सिक्युरिटी प्रेस आहे, तिकिटं आणि स्टॅम्पपेपर छापणारी. आमची प्रेस त्यातली नव्हे. सातपूर एमआयडीसीतला एक गाळा, चौदा माणसं, २० x २८ इंची चार रंगांची सेकंडहँड ऑफसेट मशीन, एक पंचिंग मशीन आणि एक कोटिंगची. काम मुख्यतः कार्टनचं: औषधं, मसाले आणि द्राक्षाचा हंगाम संपता संपता बेदाणा.

मी तेव्हा तिथे प्रॉडक्शन बघत होतो. ओळख पटू नये म्हणून ग्राहक, मालक आणि कामगार यांची नावं दिलेली नाहीत आणि एक-दोन तपशील बदलले आहेत. घडलं ते असंच.

एप्रिलचा दुसरा आठवडा. पाव किलोच्या बेदाण्याचा बॉक्स, ३०० जीएसएमचा बोर्ड, एका शीटवर सहा बॉक्स, एकूण १८,००० शीट. माल अक्षय्य तृतीयेच्या आत पोचवायचा होता. डिझाइन सुटसुटीत: कोपऱ्यात हिरवा घड, मधे मरून अक्षरं, बाकी सगळं पांढरं. छापणाऱ्याला असं डिझाइन वाटतं सोपं, पण असतं फार वाईट. भरगच्च डिझाइनमध्ये शंभर पापं झाकली जातात. इथे लपायला जागाच नव्हती.

अडचण

पहिल्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास, साधारण ३,००० शीट झाल्यावर, डिलिव्हरीला उभ्या असलेल्या हेल्पर पोरानं विचारलं, “मामा, हा बोर्डच असा आहे का?” मशीनमनला आम्ही सगळे मामा म्हणतो. मामांनी शीट हातात घेतलं आणि म्हणाले, काही नाही, उजेडाचा फरक आहे. पोरानं फीडरच्या गड्डीतून एक कोरं शीट काढून शेजारी ठेवलं, तेव्हा कळलं. छापलेल्या शीटच्या दोन्ही कडांना, ग्रिपरपासून (जिथे मशीन शीट पकडते) शेपटापर्यंत, तीन-चार बोटं रुंदीचा गुलाबी पट्टा होता. इतका फिका, की एकटं शीट बघितलं तर दिसणार नाही. आणखी पाचशे शीटनंतर तो एकट्या शीटवरही दिसायला लागला आणि आत सरकू लागला.

मशीन थांबवून प्लेट पुसली की ४०० शीट स्वच्छ यायची. मग पुन्हा तेच.

पहिल्या दिवशी केलेले उपाय

मामांनी पहिल्यांदा पाणी वाढवलं. ऑफसेटमध्ये प्लेटवर अक्षर उंच नसतं की खोल नसतं. एकाच सपाटीवर काही जागा शाई धरते आणि काही जागा पाणी. पांढऱ्यात रंग आला म्हणजे पाणी कमी पडलं, हे कुठलाही मशीनमन झोपेतही सांगेल. पाणी वाढवल्यावर पट्टा गेला. पण मरून फिका पडला, म्हणून शाई वाढवली. शाई वाढली तसा पट्टा परत आला, म्हणून पाणी आणखी वाढवलं. तासाभरात दोन्ही इतकं चढलं होतं की शाईत पाणी घोळलं जात होतं. मॅजेंटाच्या, म्हणजे गुलाबी रंगाच्या, डक्टमधली (शाईच्या भांड्यातली) शाई लोण्यासारखी दिसण्याऐवजी फेटलेल्या दह्यासारखी दिसत होती. त्या तासाचा माल रात्रभर वाळला नाही, आणि सकाळी गड्डीतल्या वरच्या शीटच्या पाठीवर खालच्या शीटचा मरून उमटलेला होता. म्हणजे एका दोषाचे दोन झाले.

पाण्यावर शंका घेतली नाही असं नाही. घेतली. पीएचची पट्टी टाकीत बुडवली, ५ दाखवलं. पुस्तकात ४.८ ते ५.३ लिहिलेलं असतं. रजिस्टरमध्ये रोज ५ लिहिलेलं होतं, त्या दिवशीही ५ लिहिलं आणि पाण्याचा विषय तिथेच मिटवला. पुढचा दीड दिवस गेला तो या एका आकड्यापायी.

मालकांचं म्हणणं उन्हाचं होतं. बाहेर ३९ अंश, गाळ्यावर पत्रा, पाणी थंड ठेवणारं युनिट १० अंशांच्या जागी १६ दाखवत होतं. “पाणी प्लेटवर टिकतच नाही, उडतंय,” असं ते म्हणाले. म्हणून पाण्यातलं आयसोप्रोपिल अल्कोहोल दहा टक्क्यांवरून पंधरावर नेलं. फरक पडला नाही. डोकं मात्र सगळ्यांचं दुखलं.

संध्याकाळी मी प्लेटवाल्याला फोन करून चार शब्द सुनावले. तो बिचारा म्हणाला, “साहेब, बाकीच्या तीन प्लेटा त्याच बॉक्समधल्या आहेत ना?” मी ऐकलं नाही.

आणि रात्री आम्ही सगळ्यात मोठी चूक केली. वैतागून सगळंच एकदम बदललं: मॅजेंटाची नवी प्लेट, शाईचा नवा डबा, नवं ब्लँकेट (प्लेटवरची छपाई कागदावर उतरवणारं रबर) आणि रोलरचा पूर्ण वॉशअप. दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन सुरू केली तर शीट आरशासारखं स्वच्छ. मालकांनी सगळ्यांना समोसे मागवले. २,२०० शीटनंतर कडांना गुलाबी झाक परत आली.

चार गोष्टी बदलल्यामुळे त्यातल्या कुठल्या गोष्टीनं २,२०० शीट मिळवून दिली हे सांगायला कुणाकडे काहीच नव्हतं. जुनी प्लेट पुसून भंगारात गेलेली, रोलर धुतलेले. गुन्ह्याची जागा आम्हीच पुसून टाकली होती.

समोर असलेले पर्याय

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकरा. अजून साधारण १२,८०० शीट बाकी. मालक, मामा आणि मी फीडरशेजारी उभे.

मामांचा पर्याय सरळ होता: दर ४०० शीटला थांबायचं, प्लेट पुसायची, पुढे जायचं. हंगामात सगळे हेच करतात आणि मीही आधी अनेकदा केलं आहे. पण त्या दिवशी मी बोर्डाच्या रॅपरवर हिशेब मांडला. ४०० नं भागलं तर ३२ थांबे. एका थांब्याला सात मिनिटं, म्हणजे पावणेचार तास. तेही चाललं असतं. पण प्रत्येक थांब्यानंतर रंग जागेवर यायला पन्नासेक शीट वाया जात होती. ३२ थांब्यांची १,६०० झाली. आमच्याकडे जास्तीचा बोर्ड होता ९०० शीट, त्यातलाही निम्मा कालच खाल्लेला. त्या पर्यायात बोर्डच पुरत नव्हता. हिशेब मांडायला दोन मिनिटं लागली. तो आदल्या दिवशीच मांडायला हवा होता.

दुसरा पर्याय, उरलेला माल अंबडच्या एका ओळखीच्या प्रेसला देणं. त्यांची मशीन मोठी, प्लेटा नव्यानं काढाव्या लागणार, आणि आधीच्या ५,००० शीटच्या मरूनशी त्यांचा मरून जुळवायचा. दोन दिवसांनंतरची वेळ मिळत होती.

तिसरा, ग्राहकाला फोन करून ‘थोडी झाक आहे, चालेल का’ विचारणं. मालकांनी फोन हातात घेतलाही होता. पण त्यानं पांढऱ्या बॉक्सचा आग्रह का धरला होता हे आम्हाला माहीत होतं: पिवळसर-हिरवा बेदाणा पांढऱ्यावर उठून दिसतो. गुलाबी झाकेशेजारी तोच बेदाणा काळपट दिसला असता.

चौथा, मशीन थांबवून कारण शोधणं. हंगामात चालती मशीन बंद ठेवायला मालकाचं काळीज लागतं. आमच्या मालकांनी ते दाखवलं, पण अट घालून: “संध्याकाळी सहापर्यंत. सहाला काही सापडलं नाही तर माल अंबडला.” माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय हाच. नुसतं ‘शोधा’ म्हटलं असतं तर आम्ही रात्री दहापर्यंत स्क्रू फिरवत बसलो असतो.

शोध: एका वेळी एकच गोष्ट

पहिलं काम, दोषाला नाव द्यायचं. पांढऱ्यात येणारा रंग दोन प्रकारचा असतो आणि दोन्हींचा उपाय वेगळा. एकात शाई पाण्यात मिसळते आणि पाण्याबरोबर सगळीकडे पसरते, ते टिंटिंग. दुसऱ्यात प्लेटची कोरी जागाच शाई धरायला लागते, ते स्कमिंग. ओळख सोपी आहे. मशीन थांबवली, ओला स्पंज गुलाबी पट्ट्यावरून दोनदा फिरवला. टिंटिंग असतं तर झाक स्पंजवर आली असती. झाक प्लेटवरच राहिली. मग प्लेट क्लीनरनं पुसली, गेली. म्हणजे स्कमिंग, आणि प्लेट कायमची बिघडलेली नाही, तिच्यावर काहीतरी बसतंय. कालपासून एवढी धावपळ झाली, पण ही दोन मिनिटांची चाचणी कुणी केली नव्हती.

मग जागा. पट्टा प्रत्येक शीटवर त्याच ठिकाणी, दोन्ही कडांना, शीटच्या प्रवासाच्या दिशेनं सलग. एखाद्या रोलरवर खड्डा किंवा चिकटलेला कण असता तर खूण ठरावीक अंतरानं परत आली असती. ते अंतर पट्टीनं मोजून ३.१४ नं भागलं की रोलरचा व्यास मिळतो आणि नेमका रोलर सापडतो. १८८ मिलिमीटरवर खूण परत येत असेल तर ६० मिलिमीटरचा रोलर शोधायचा. इथे तसं काही नव्हतं. सलग पट्टा म्हणजे रोलरच्या त्या टोकाकडे पूर्ण वेळ काहीतरी कमी पडतंय.

कडाच का, याचं उत्तर जॉबच्या डायरीत निघालं. मार्चभर आम्ही एका औषध कंपनीचं छोट्या शीटचं काम चालवलं होतं. रोलर पूर्ण लांबीचे, शीट आखूड. दोन्ही टोकांची शाई कागदावर उतरतच नव्हती. महिनाभर तिथेच पाण्याबरोबर घोटली जात होती.

मामांनी मॅजेंटाचे प्लेटला टेकणारे रोलर उतरवले. धुतलेले होते, काळे, चकचकीत. मी म्हणालो, छान स्वच्छ आहेत. मामा काही बोलले नाहीत. त्यांनी माझा अंगठा धरला, आधी सायनच्या (निळ्या रंगाच्या) रोलरच्या मधल्या भागावर फिरवला, मग मॅजेंटाच्या टोकावर. सायनचा रोलर हाताला मखमलीसारखा लागत होता, किंचित ओढ देणारा. मॅजेंटाचं टोक काचेसारखं, अंगठा घसरत होता. रोलर असा चमकायला लागला की तो स्वच्छ नसतो, त्याच्यावर पापुद्रा चढलेला असतो. वॉशअपचं पेट्रोलियम सॉल्व्हंट शाई काढतं, हा पापुद्रा काढत नाही.

कॅन्टीनमधून व्हिनेगरची बाटली आणली. चिंधी बुडवून रोलरच्या टोकावर रुपयाएवढ्या जागेत दोन मिनिटं घासली. चिंधीवर गुलाबीसर पांढरी साय आली आणि तेवढाच ठिपका काळा, मॅट झाला. ॲसिडनं विरघळणारं, सॉल्व्हंटनं न विरघळणारं: कॅल्शियम. सव्वाचार वाजले होते.

कॅल्शियम कुठून आलं?

बोर्डाच्या कोटिंगमध्ये कॅल्शियम कार्बोनेट असतं, मॅजेंटात बहुधा वापरलं जाणारं रुबीन रंगद्रव्य मुळातच कॅल्शियमचं लवण असतं. म्हणून हा पापुद्रा बऱ्याचदा मॅजेंटाच्या युनिटला आधी धरतो. पण बोर्ड आणि शाई दोन्ही गेली तीन वर्षं त्याच. नवं काय होतं?

हे आम्हाला सांगितलं एका अशा माणसानं ज्याचा छपाईशी काडीचा संबंध नव्हता. ऑफिसच्या पिण्याच्या आरओची सर्व्हिस करायला एक पोरगा आला होता. त्याच्या खिशात टीडीएसचं पेन होतं, पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं. मी ते मागून घेतलं आणि आधी त्याच्या आरओच्या ग्लासात बुडवलं: ४०. मग मशीनच्या पाण्याच्या टाकीला भरणाऱ्या नळाखाली धरलं: ५२०.

“हे तर बोअरचं पाणी आहे, भो,” तो म्हणाला.

नाशिकच्या पोटात काळा बेसाल्ट आहे. त्यातून उपसलेलं पाणी बऱ्याच ठिकाणी जड असतं. बादलीत साबणाला फेस येत नाही ते हेच. म्हणून मशीनसाठी आमचा वेगळा छोटा आरओ प्लँट होता. मार्चमध्ये त्याचा मेम्ब्रेन चोंदला, पाणी थेंबथेंब यायला लागलं, आणि काम थांबू नये म्हणून बायपासचा व्हॉल्व्ह उघडला गेला. दोन दिवसांसाठी. तो उघडायला मीच सांगितलं होतं. नंतर मेम्ब्रेनचं कोटेशन आलं, बाजूला राहिलं, आणि महिना झाला तरी व्हॉल्व्ह उघडाच. रजिस्टरमध्ये त्याची नोंद नाही, कारण नोंद करायला रकानाच नव्हता. पीएचला होता.

आणि पीएचनंच आम्हाला फसवलं. फाउंटन कॉन्सन्ट्रेट, म्हणजे मशीनच्या पाण्यात घालायचं द्रावण, हे बफर असतं. त्याचं कामच पीएच जागेवर धरून ठेवण्याचं. पाणी जड असो की मऊ, मात्रा थोडी कमी असो की जास्त, पट्टी ५ च्या आसपासच राहते. जड पाण्यातलं कॅल्शियम त्या कॉन्सन्ट्रेटमधल्या सायट्रिक ॲसिडशी आणि शाईतल्या तेलकट आम्लांशी जुळतं, न विरघळणारे क्षार होतात, ते रोलरवर आणि प्लेटवर बसतात. पट्टीला त्याचा पत्ता नसतो. दाखवू शकते ती कंडक्टिव्हिटी, म्हणजे पाण्यातून वीज किती वाहते ते. पाण्यात जितके क्षार, तितका आकडा वर. मशीनवर कंडक्टिव्हिटीचं मीटर होतं, पण मशीन घेतली तेव्हापासून बंद. टीडीएसचं पेन आतून कंडक्टिव्हिटीच मोजतं. त्याचा आकडा ढोबळमानानं दुप्पट केला की मायक्रोसीमेन्स मिळतात. म्हणजे नुसत्या पाण्याचे हजाराच्या वर. कॉन्सन्ट्रेट घातलेल्या तयार पाण्याला जिथपर्यंत पोचायचं, तिथे आमचं कोरं पाणी आधीच उभं होतं.

प्रत्यक्ष कारवाई

टाकी पूर्ण रिकामी केली. तळाला पांढरट गाळ होता, फिल्टरवर चुन्यासारखा थर. पाइप धुतले. पिण्याच्या पाण्याचे वीस लिटरचे जार मागवून टाकी त्यांनी भरली, कारण मेम्ब्रेन दुसऱ्या दिवशी येणार होता. कॉन्सन्ट्रेट मापानं घातलं, पेन बुडवून आकडा लिहून ठेवला. अल्कोहोल परत दहा टक्क्यांवर.

रोलरसाठी कॅल्शियम काढणारं तयार केमिकल गंगापूर रोडच्या एका ओळखीच्या प्रेसनं दिलं. मॅजेंटाला दोन वेळा लावलं, पाण्यानं धुतलं, मग नेहमीचा वॉशअप. रोलर प्लेटला किती दाबून टेकतो हे बघायला प्लेटवर त्याचा शाईचा पट्टा उमटवला तर एका टोकाला ४ आणि दुसऱ्याला ६ मिलिमीटर. मॅन्युअलप्रमाणे सारखा केला. एक रोलर मात्र धुऊनही कडकच राहिला. तो तसाच चढवला, दुसरा नव्हता.

पावणेसातला मशीन सुरू झाली. सहाची मुदत टळून गेली होती, पण मालक काही बोलले नाहीत.

निष्पत्ती

उरलेली शीट पहाटे अडीचपर्यंत निघाली, गुलाबीसाठी एकदाही न थांबता. प्लेटवर सोडायच्या पाण्याचं प्रमाण मामांनी पहिल्या दिवसाच्या जवळजवळ निम्म्यावर आणलं होतं. पाठीवर डाग पडलेली आणि झाक आलेली शीट वेगळी काढली. शेवटी बॉक्स ऑर्डरपेक्षा थोडे कमी भरले. ग्राहकानं बिलात तेवढे कापले, माल एक दिवस उशिरा घेतला. कडक राहिलेला रोलर पुढच्या महिन्यात रबर बदलायला पाठवला.

प्लेटवाल्याला मी फोन केला. तो हसला आणि म्हणाला, “पुढच्या वेळी आधी पाणी बघा, मग शिव्या द्या.”

गोष्ट तिथे संपली नाही. तीन आठवड्यांनी सायनच्या युनिटला तीच झाक, निळसर. मॅजेंटा घासण्याच्या घाईत बाकी तीन युनिट तशीच सोडली होती, आणि त्यांनीही महिनाभर तेच जड पाणी प्यायलं होतं. शिवाय नवा मेम्ब्रेन बसल्यावर पाणी अगदीच कोरं यायला लागलं. त्यालाही आमचा जुना कॉन्सन्ट्रेट मानवत नव्हता. आरओच्या पाण्यासाठी वेगळा मिळतो, तो आणला. आता बोर्डाचं काम असेल तर आठवड्यातून एकदा चारही युनिटांना कॅल्शियमचं केमिकल लावतात.

पुन्हा झालं तर

पहिल्या दिवशी तीन वाजता, पाणी वाढवण्याआधी, ओल्या स्पंजची चाचणी. त्यानंतर पाचशे शीट काढून बाजूला ठेवायची, पुसायची नाहीत की फेकायची नाहीत. दोष कुठून कुठे सरकतो ते त्यांवर दिसतं. आणि त्या रात्री चारही गोष्टी बदलण्याऐवजी फक्त रोलर धुतले असते, तर २,२०० शीट कुणामुळे मिळाली हे सकाळीच कळलं असतं. एक चाचणी मला तेव्हा सुचली नाही: मॅजेंटा आणि सायनची शाई युनिट बदलून चालवणं. दोष शाईबरोबर गेला तर शाई, युनिटमध्येच राहिला तर रोलर किंवा पाणी. दोन वॉशअप खर्ची पडतात, पण वाद मिटतो.

रजिस्टरमध्ये आता पाण्याचे दोन रकाने आहेत: कोऱ्या पाण्याचा आकडा आणि कॉन्सन्ट्रेट घातल्यावरचा. बायपासच्या व्हॉल्व्हचा दांडा काढून मालकांनी स्वतःच्या ड्रॉवरमध्ये ठेवलाय.

मामांना हे सगळं निम्मंच पटलंय. त्यांचं अजूनही म्हणणं आहे की मूळ कारण ऊनच. बोअरचं पाणी मार्चपासून होतं, मग मार्चमध्ये का नाही आलं? आणि ते अगदीच चूक नाहीत. टाकीतलं पाणी फिरत राहतं, उन्हाळ्यात त्यातलं पाणी आणि अल्कोहोल उडतं, क्षार मात्र मागे राहतात, आणि वरून आपण पुन्हा जड पाणीच ओततो. म्हणून एप्रिल-मेमध्ये टाकी पंधरा दिवसांऐवजी दर आठवड्याला रिकामी होते. ती करतात मामाच, शनिवारी जेवणाच्या सुट्टीआधी, आणि तळाचा गाळ बोटावर घेऊन मला दाखवतात.